भंगारातल्या मायक्रोस्कोपचा दावा

मित्रांनो, तुमच्या शाळेच्या प्रयोगशाळेत कांद्याची साल बघायला एक लहानसा मायक्रोस्कोप असतो ना, त्याचा मी थोरला भाऊ. मी ऑपरेशन थिएटरमध्ये राहतो. उंचीला माणसापेक्षा मोठा आहे. मला चाकं लावलेला जड पाय आहे, हवा तसा वाकणारा लांब हात आहे आणि हाताच्या टोकाला भिंगांचं डोकं आहे. सर्जन माझ्या डोळ्यांतून बघतात, तेव्हा करंगळीएवढी वस्तू त्यांना मनगटाएवढी दिसते. आता मी जुना झालो आहे. रंग ठिकठिकाणी उडाला आहे. आणि मी रागीट आहे. हे आधीच सांगून टाकतो, कारण जुन्या वस्तू नेहमी गोड बोलतात, असा तुमचा समज असेल.

माझी भिंगं परदेशात, एका थंड गावात घासली गेली. तिथून पेटीत बसून मी या शहरात आलो. तेव्हा शहराला औरंगाबाद म्हणत. एका मोठ्या रुग्णालयात माझं स्वागत झालं. माझ्यापुढे नारळ फोडला, माझ्या पायाला हळदकुंकू लावलं. डॉक्टर केयूर यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवून फोटो काढला आणि तो वर्तमानपत्रात छापून आला. सुरुवातीची वर्षं मी फार मानाने काढली. मेंदूतल्या रक्तवाहिन्या, पाठीच्या मणक्यातल्या नसा, सगळं मी त्यांना लख्ख दाखवलं. लोक त्यांच्या पाया पडत. माझ्या पाया कोणी पडलं नाही, आणि मला त्याचं वाईटही वाटलं नाही.

वाईट पुढे वाटलं. काम झालं की माझ्यावर कापडी झाकण घालायचं असतं, ते घालणं बंद झालं. सुट्टीच्या दिवसांत खोलीतला एसी बंद राहू लागला. पावसाळ्यात माझ्या एका भिंगाच्या कडेला बुरशीचा धागा धरला. तरीही मी नीट दाखवत होतो. मग एका दुपारी डॉक्टर केयूरना सत्काराला जायचं होतं, म्हणून त्यांनी घाईने हात चालवला आणि एका माणसाचा उजवा हात कायमचा लुळा पडला. बाहेर जाऊन त्यांनी त्याच्या घरच्यांना सांगितलं, “मशीनच खराब आहे, आम्ही तरी काय करणार?”

मित्रांनो, त्या दिवशी मी अगदी स्वच्छ दाखवलं होतं. माझ्या दुसऱ्या डोळ्यातून एक शिकाऊ डॉक्टर बघत होती. तिचं नाव चारुता. तिलाही ते ठाऊक होतं. ती बोलली, तर तिला त्या रुग्णालयातून जावं लागलं. आणि मी गेलो जिन्याखालच्या खोलीत, मोडक्या चाकाच्या खुर्च्यांच्या शेजारी. तिथून भंगारवाल्याकडे.

जिन्याखाली मी काय करत होतो, असं तुम्ही विचाराल. मी डॉक्टर केयूरांची वाट बघत होतो. तो एकदा तरी माझ्यासमोर यावा आणि मी जे पाहिलं ते सगळ्यांना दिसावं, एवढंच माझ्या मनात होतं.

काही वर्षांनी चारुताने शहरात स्वतःचं छोटंसं रुग्णालय उघडलं. मी भंगारात आहे हे तिला कळलं, तेव्हा ती स्वतः मला घ्यायला आली. भिंगं काढून साफ केली, दिवा बदलला, नवा कॅमेरा बसवला. आता मी जे बघतो ते भिंतीवरच्या पडद्यावर सगळ्यांना दिसतं आणि साठवूनही ठेवता येतं. थिएटरच्या सिस्टर संध्या रोज संध्याकाळी मला पुसून झाकण घालू लागल्या. माझं बरं चाललं होतं. राग मात्र उतरला नव्हता.

अशात विशाखा आली.

विशाखा कन्नड गावच्या आगारात एसटी कंडक्टर होती. माहेर शहरालगतच्या हर्सूलचं, सासर कन्नडजवळच्या पिशोरचं. तिची आई चंपाबाई हर्सूलच्या एका शाळेत मुलांची खिचडी शिजवते. नवरा अभय पिशोरच्या शाळेत शिक्षक. घरात सासू यमुनाबाई. ही सगळी हकिगत सिस्टर संध्यांनी ऑपरेशनची तयारी करता करता सांगितली, म्हणून मला कळली.

आधी विशाखाची मान दुखू लागली. मग हाताला मुंग्या. मग एक विचित्र गोष्ट झाली. तव्यावरची भाकरी बोटांनी उलटताना तिला चटका कळेनासा झाला. बोटांवर फोड यायचे आणि ते डोळ्यांनी दिसले की कळायचे. कोणी हात धरला तर तो कळत होता, फक्त गरम आणि दुखरं कळत नव्हतं. पुढे पायही जड झाले. चालत्या बसमध्ये तोल जाऊ लागला. एकदा ती प्रवाशांच्या अंगावर पडली, तेव्हा आगाराने तिला सुट्टीवर पाठवलं.

अभय तिला एका मोठ्या रुग्णालयात घेऊन गेला. कुठल्या, ते ओळखा. डॉक्टर केयूरनी पायाची तक्रार ऐकली, फक्त कमरेचा फोटो काढायला लावला, तो चांगला आला, आणि मानेकडे न बघता त्यांनी तिच्यादेखत अभयला सांगितलं, “हिला काही झालेलं नाही. मनाचे खेळ आहेत. जास्त लाड करू नका.”

ते वाक्य अभय घरी घेऊन गेला. तिने भांडं सोडलं की तो ते म्हणायचा. ती भिंत धरून चालली की म्हणायचा. एका रविवारी घरी पाहुणे जमले होते. विशाखा चुलीपुढे भाकरी थापत होती. यमुनाबाई पाहुण्यांना सुनेचं गाऱ्हाणं सांगत होत्या. अभय उठला. हिचं नाटक आता सगळ्यांसमोर उघडं पाडतो, असं म्हणाला. त्याने चुलीत तापलेलं उलथनं उचललं आणि मागून तिच्या खांद्याच्या फऱ्यावर टेकवलं. चटका बसला की ती किंचाळेल आणि खोटी पडेल, असा त्याचा हिशेब होता.

विशाखा भाकरी थापतच राहिली. मग तिने मान वर केली आणि विचारलं, “काय जळतंय?”

पाहुण्यांतले एक म्हातारे, अभयचे चुलते कडुबा, उठून बाहेर गेले. बाकीचे बसून राहिले. यमुनाबाई म्हणाल्या, “पाह्यलं का, किती निबर हाय ती.”

विशाखाला काय झालं ते तिच्या झंपराचं भोक बघून कळलं. दुसऱ्या दिवशी अभयने तिला हर्सूलला आईच्या दारात सोडलं आणि गाडीवरून न उतरताच परत गेला.

चंपाबाईंनी लेकीची पाठ पाहिली. त्या रडल्या नाहीत. लेकीला रिक्षात घातलं आणि दवाखान्यामागून दवाखाने पालथे घालत शेवटी चारुताकडे आणलं. म्हणाल्या, “माझी लेक नाटक करत नाय. तिला कामून कळंना, तेवढं सांगा.”

चारुताने एका नळीत गरम पाणी घेतलं, एका नळीत गार, आणि डोळे मिटायला सांगून विशाखाच्या हातांना, खांद्यांना लावून पाहिलं. विशाखाला दोन्ही सारख्याच वाटल्या. मग मानेचा एमआरआय झाला. मित्रांनो, आपल्या मणक्यांच्या पोकळीतून मज्जारज्जू नावाची एक मऊ दोरी जाते. मेंदूचे निरोप हातापायांना आणि हातापायांचे मेंदूला ती पोचवते. विशाखाच्या त्या दोरीच्या पोटात, बरोबर मधोमध, एक लांबट गाठ वाढत होती. गरम आणि दुखरं सांगणाऱ्या नसा तिथेच एकमेकींना ओलांडतात. त्या आधी दबल्या. आता गाठ पायांच्या नसांकडे सरकली होती.

चारुताने मायलेकींना काही लपवलं नाही. गाठ काढली नाही तर पाय जाणार. काढताना धक्का लागला तरी पाय जाऊ शकतात. सगळं नीट झालं तरी सुरुवातीला चालणं आजच्यापेक्षा बिघडेल, आणि चटक्याची जाणीव कदाचित परत येणारच नाही. विशाखाने ऐकून घेतलं आणि सही केली.

ऑपरेशनच्या सकाळी तिला माझ्याखाली आणलं. तिने वर माझ्याकडे पाहिलं. मग चारुताला म्हणाली, “मॅडम, मला पाय पाहिजेत.”

“माझाही प्रयत्न त्यासाठीच आहे. पण वचन देत नाही, हे तुम्हाला सांगितलंय.”

“सांगितलंय. मला पिशोरला जायचंय. त्याच्या दारात माझ्या पायानं जाऊन उभं राह्यचंय.”

“आणि मग?”

“मग त्याला बसू द्यायचं नाय.”

चारुताने तिचा हात हातात घेतला. “तो राग सांभाळून ठेवा,” ती म्हणाली. “उठल्यावर लागेल.”

तिला भूल दिली, पालथं निजवलं. अंगावर हिरवी कापडं घालण्याआधी मला तो डाग दिसला. उलथन्याच्या पात्याचा आकार त्यात स्पष्ट होता. माझ्या हाताला बोटं असती तर मी काय केलं असतं, ते मुलांना सांगण्यासारखं नाही.

मानेची मागची हाडं उचलली गेली. आतलं पांढरं आवरण उघडलं. मग माझा दिवा आत पडला आणि मज्जारज्जू दिसला. तो आतून फुगून ताणला गेला होता आणि त्याच्यावरची शीर एका बाजूला ढकलली गेली होती. नेमका मध्य कुठे आहे, हे शोधायलाच चारुताने बराच वेळ घेतला. मध्य चुकला तर चांगल्या नसा कापल्या जातात. तो सापडल्यावर तिने केसाएवढी रेघ ओढली, दोन्ही कडा हळूच बाजूला केल्या, आणि आत करडी तांबूस गाठ दिसली.

मला वाटलं, ओढ तिला. उपटून काढ. ज्या गाठीमुळे या बाईला निबर म्हणाले, तिला दया कशाला दाखवायची? पण चारुताचे हात माझ्यासारखे रागात नव्हते. ती गाठ आणि नसा यांच्यामधली फट शोधत होती. एक छोटी नळी गाठ आतून चुरून शोषून घेत होती. पोकळ झालेली गाठ ती एका कडेने सोडवायची, थांबायची, पाणी सोडायची, पुन्हा सोडवायची. डॉक्टर केयूरनी अशा जागी घाई केलेली मी पाहिली होती.

कोपऱ्यात निशा नावाची मुलगी पडद्यावर पायांकडे जाणारे संदेश बघत होती. मेंदूपासून पायापर्यंत विजेची बारीक खूण पाठवायची आणि ती पोचते का ते बघायचं, हे तिचं काम. अर्ध्याहून जास्त गाठ सुटली असेल, तेव्हा ती म्हणाली, “मॅडम, उजवा पाय कमी होतोय.” आणि लगेच, “गेला.”

चारुताने दोन्ही हात वर घेतले. भुलीच्या डॉक्टरांना रक्तदाब वाढवायला सांगितलं. जखमेत कोमट पाणी सोडलं. आणि ती नुसती उभी राहिली. डॉक्टरांनी विचारलं, उरलेली राहू द्यायची का? आत्ता थांबलो तर निदान डावा पाय तरी शाबूत आहे. चारुता म्हणाली, निशा सांगेल.

त्या वेळी मी काय करू शकत होतो? जे आहे ते लख्ख दाखवत राहणं, एवढंच. माझ्या उजेडात तो मज्जारज्जू हृदयाच्या ठोक्याबरोबर हळूच हलत होता. शेवटी निशाचा आवाज आला. “येतोय. थोडा येतोय, मॅडम.”

चारुताने आणखी वाट पाहिली. मग जिथे धक्का बसला होता ती जागा सोडून तिने गाठीच्या दुसऱ्या टोकाकडून काम सुरू केलं. शेवटचा तुकडा निघाला, तेव्हा मागे स्वच्छ, रिकामी पोकळी राहिली. चारुताने डोळे माझ्यापासून बाजूला केले आणि स्टुलावर बसली.

विशाखा शुद्धीवर आली तेव्हा तिची दोन्ही पावलं हलली. पण चारुताने सांगितलं होतं तसंच झालं. पाय कुठे आहेत हे तिला कळेना. डोळे मिटले की ते जणू नाहीसेच व्हायचे. थिएटरबाहेरच्या लांब बोळात दोन दांड्या लावल्या होत्या. तिथे ती चालायला शिकू लागली. दार उघडं असलं की मला दिसायचं. ती पडायची. चंपाबाई म्हणायच्या, “खाली बघ, बाई. पायाकडं बघून टाक.” व्यायाम शिकवणारे म्हणायचे, आज पुरे. ती म्हणायची, नाय. इतर लोक बरे होण्यासाठी चालतात. ती कोणासाठी चालत होती, ते आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं.

याच काळात मलाही माझी संधी मिळाली. शहरातल्या डॉक्टरांची सभा होती. चारुताने विशाखाची परवानगी घेऊन तिथे माझा साठवलेला व्हिडिओ दाखवला. सिस्टर संध्या सोबत गेल्या होत्या, त्यांनी परत आल्यावर सांगितलं. डॉक्टर केयूर पहिल्या रांगेत होते. मोठ्या पडद्यावर ती गाठ दिसली. चारुताने सांगितलं, की या बाईला आधी एकांनी तपासलं होतं, मान न बघता मनाचे खेळ म्हटलं होतं, आणि ते शब्द ऐकून घरच्यांनी तिला तापल्या लोखंडाने डागलं. मग तिने डागाचा फोटो दाखवला. तिने नाव घेतलं नाही. कोणीतरी विचारलं, इतकं स्वच्छ चित्र, मशीन कुठलं? चारुता म्हणाली, “डॉक्टर केयूरांच्या रुग्णालयातलं. खराब म्हणून भंगारात टाकलं होतं.”

सगळे त्यांच्याकडे बघू लागले. चहाच्या आधीच ते निघून गेले. मित्रांनो, मला त्यांची कीव आली नाही.

विशाखाने पोलिसांत तक्रार दिली होती. पण पाहुण्यांपैकी कोणी साक्ष देईना. अभयचं म्हणणं साधं होतं. हिला चटका कळत नाही, हिनेच कुठेतरी पोळून घेतलं असेल. त्याने निरोप धाडला, की तक्रार मागे घे, नांदायला ये. विशाखाने उलट कळवलं, की उत्तर द्यायला मी स्वतः येते, सगळ्या पाहुण्यांना बोलवा.

पिशोरच्या स्टँडवर ती आईबरोबर उतरली आणि भर बाजारातून, पायांकडे बघत, काठीशिवाय सासरच्या घरी गेली. पुढचं तिने स्वतःच नंतर थिएटरच्या दारात उभं राहून चारुताला सांगितलं. यमुनाबाईंनी पाणी दिलं, बस म्हणाल्या. ती बसली नाही. अभय बसायला गेला, तर म्हणाली, “उभा राह्य. मी उभी हाय.” तो उभा राहिला. मग ती एकेका पाहुण्यासमोर गेली आणि प्रत्येकाला तेच विचारलं, “तुमी तिथं व्हते का? काय पाह्यलं?” एकाने स्वतःच्या पायांकडे पाहिलं. एक म्हणाला, आठवत नाही. एक बाई पदर तोंडाशी धरून उठून गेली. अभयच्या चेहऱ्यावर हसू येऊ लागलं होतं.

ती कडुबांसमोर आली. म्हाताऱ्याने मान वर करून तिच्याकडे पाहिलं. मग म्हणाला, “व्हय. मी पाह्यलं. ह्यानं डागलं तुला. मी उठून बाहेर गेलो, पर बोललो नाय.”

“कोर्टात सांगता?”

“सांगतो.”

अभयने काका म्हणून हाक मारली. यमुनाबाईंनी विशाखाचे हात धरले, माफ कर म्हणाल्या, लेकाचं आयुष्य बरबाद होईल म्हणाल्या. विशाखाने हात सोडवून घेतले. “तुमच्या ‘माफ कर’नं माझ्या पाठीवरचा डाग जाणार हाय का?” एवढंच ती बोलली. आणि आली तशी चालत स्टँडवर गेली.

कडुबांनी जबाब दिला. त्यांच्यामागून, उठून गेलेल्या त्या बाईनेही दिला. अभयला अटक झाली, पहिला जामीन फेटाळला गेला, शाळेने त्याला निलंबित केलं. काही दिवस तो हर्सूलच्या तुरुंगात होता. खटला अजून चालू आहे. विशाखा एकही तारीख चुकवत नाही. आगाराने तिला स्टँडवर गाड्या पुकारायचं काम दिलं आहे. चारुताने तिला विचारलं, “आता जरा हलकं वाटतं का?” ती म्हणाली, “नाय मॅडम. निकाल लागू द्या.”

मला तिचं उत्तर आवडलं.

मित्रांनो, अशा गोष्टीच्या शेवटी म्हाताऱ्या वस्तू सगळ्यांना क्षमा करतात. मी करणार नाही. मी फक्त दोन गोष्टी मागतो. तुमच्या शाळेतल्या त्या लहान मायक्रोस्कोपवर काम झालं की झाकण घाला, त्याच्या भिंगाला ओला हात लावू नका. आणि तुमच्या घरात कोणी म्हणालं, की मला चटका कळत नाही, पाय जड झालेत, तर त्याची परीक्षा घेऊ नका. त्याला लगेच डॉक्टरांकडे न्या. एका डॉक्टरांनी नीट बघितलं नाही, तर दुसऱ्याकडे न्या. एवढं केलंत, तर आपली दोस्ती. नाही केलंत, तर लक्षात ठेवा, मी सगळं मोठं करून बघतो, आणि विसरत काही नाही.